नकाशा कोणाचा, जबाबदारी कोणाची : आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सहा वर्षं

२ ऑक्टोबर २०२५ ला, दसऱ्याच्या सकाळी, आम्हा अठरा सभासदांच्या हातात नव्या घरांच्या किल्ल्या आल्या. कोथरूडमधली आमची इमारत १९८६ सालची. खाली पार्किंग, वर तीन मजले, लिफ्ट नाही. त्या जागी आता सात मजले उभे आहेत. मी सोसायटीची सचिव. बँकेत नोकरी करते. बांधकामातलं मला काही कळत नव्हतं. सुरुवातीला माझ्यासारख्याच एखाद्या सचिवाने लिहिलेलं काहीतरी वाचायला मिळावं असं फार वाटायचं. फ्लॅट किती मोठा मिळाला, भाडं किती मिळालं यावर पुष्कळ लिहिलेलं सापडतं. पण करारात नकाशा आणि डिझाइनची जबाबदारी कोणावर, हे कोणी सांगत नाही. आमचे सगळ्यात कठीण महिने त्यातच गेले, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये झाली. त्या पावसाळ्यात पार्किंगमधल्या दोन कॉलमचं काँक्रीट सुटून आतल्या गंजलेल्या सळया दिसायला लागल्या. स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. दुरुस्तीचा खर्च आणि त्यानंतरचं आयुष्य यांचा मेळ बसेना. ऑडिटरने पहिल्याच दिवशी विचारलं, "जुन्या इमारतीचे आरसीसी नकाशे आहेत का?" म्हणजे कॉलम, बीम आणि आतल्या सळयांचे. आमच्याकडे मंजूर नकाशाची एक फाटकी प्रत होती, बाकी काही नाही. बिल्डर केव्हाच धंदा बंद करून गेलेला, डिझायनर कोण होता हे कोणालाच आठवत नव्हतं. पायात नक्की काय आहे हे कळावं म्हणून दोन ठिकाणी खणून बघावं लागलं. तेव्हाच मनाशी ठरवलं, की नव्या इमारतीचा प्रत्येक कागद सोसायटीच्या कपाटात असेल.

२४ नोव्हेंबर २०१९ ला पुनर्विकासाची पहिली सभा झाली. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या नव्या मार्गदर्शक सूचना तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद हवेत, म्हणजे आमच्यात बारा. आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती हवी, म्हणजे दहा. सभेची नोटीस चौदा दिवस आधी द्यायची, सभेचं चित्रीकरण करायचं. हे तंतोतंत पाळा. पुढे एक सभासद नाराज होऊन तक्रारीची भाषा करू लागले, तेव्हा नोटिशींच्या पोचपावत्या आणि चित्रीकरणाची पेनड्राइव्ह यांनीच आम्हाला तारलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमला. (पुण्यात 'पीएमसी' म्हटलं की निम्म्या लोकांना महापालिका वाटते, म्हणून इथे त्यांना सल्लागारच म्हणते.) मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळं थांबलं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली, एफएसआयचं, म्हणजे जागेवर किती बांधता येईल याचं, गणितच बदललं आणि शक्यता अहवाल पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. त्यात वर्ष गेलं. पण नव्या नियमांत क्षेत्र वाढलं, त्यामुळे ते वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

१० ऑक्टोबर २०२१ ला विकसक निवडीची विशेष सभा झाली. उपनिबंधक कार्यालयातून आलेले प्राधिकृत अधिकारी समोर बसलेले, कॅमेरा चालू, आणि आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ आजी चाकाच्या खुर्चीतून मत द्यायला आलेल्या. अठरापैकी पंधरा जणांनी एकाच नावाला मत दिलं. ५६० चौरस फूट कार्पेटच्या, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या, बदल्यात ७४५ मिळणार होते. त्या रात्री आम्ही पेढे वाटले. आपण अर्धी लढाई जिंकली असं वाटलं होतं.

नोव्हेंबरमध्ये विकसन कराराचा पहिला मसुदा आला. चौसष्ट पानं. क्षेत्र, भाडं (घरं रिकामी केल्यावर विकसक देतो ते), कॉर्पस (विकसकाकडून मिळणारा एकरकमी निधी), बँक गॅरंटी हे सगळे वाचत होते. आमचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका मात्र अठराव्या पानावर थांबले आणि मला घरी बोलावून एक वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून दाखवलं. आशय असा : विकसकाला वेळोवेळी आवश्यक वाटतील ते बदल नकाशात करण्याचा अधिकार राहील आणि त्याला संस्थेची पूर्वसंमती आहे असे समजले जाईल.

"अगं, या एका वाक्याने बाकीची त्रेसष्ट पानं पुसली जातात," काका म्हणाले. "७४५ फूट देतील, पण कुठल्या आकाराचे? खिडकी कुठे? कॉलम कुठे?"

त्या दिवसापासून करार होईपर्यंत सात महिने गेले आणि मसुद्याची नऊ आवर्तनं झाली. वकिलांचे १,७५,००० रुपये झाले. सभासदांपैकी काहींना वाटायचं, मी उगाच ताणते आहे. माझ्याच घरी जेवताना विषय निघाला की वाद व्हायचे. पण तो पैसा आणि ते महिने सत्कारणी लागले.

आधी आम्हाला हे समजून घ्यावं लागलं की एका इमारतीचे नकाशे म्हणजे एक नकाशा नव्हे. महापालिका मंजूर करते तो नकाशा वेगळा. त्यात भिंती, दारं, खिडक्या, मार्जिन, पार्किंग दिसतं. आरसीसी डिझायनर कॉलम, बीम, सळया दाखवतो ते वेगळे. प्लंबिंग, वीज, लिफ्ट, अग्निशमन यांचे पुन्हा निरनिराळे. आणि साइटवर मिस्त्री ज्यावरून काम करतो ती वर्किंग ड्रॉइंग्ज या सगळ्यांचा मेळ घालून निघतात. प्रत्येक जण आपापला कागद बरोबर काढतो, आणि तरी बीममधून पाइप काढायची वेळ येते, कारण दोन कागद एकावर एक ठेवून कोणी बघितलेलंच नसतं. हे एकावर एक ठेवून बघण्याचं काम कोणाचं? पहिल्या मसुद्यात ते कोणाचंच नव्हतं.

दुसरी गोष्ट सह्यांची. विकसकाचं म्हणणं, नकाशे आम्ही सोसायटीला दाखवू, तुमची सही घेऊ. ऐकायला छान वाटतं. आमच्या वकीलबाईंनी विचारलं, "सही केल्यावर चूक निघाली तर?" उत्तर आलं, "मग तुम्ही मान्य केलेलं होतं." म्हणजे बँकेतली मी आणि शाळेतले आमचे अध्यक्ष बीमच्या नकाशावर सही करणार आणि बीम चुकला तर जबाबदारी आमची! हे कलम आम्ही बदलून घेतलं. ते साधारण असं झालं : संस्थेने किंवा तिच्या सल्लागाराने नकाशा पाहिला, शेरा दिला किंवा मान्यता दिली, तरी डिझाइनच्या अचूकतेची, पुरेपणाची आणि सर्व नकाशांच्या परस्पर मेळाची जबाबदारी विकसकाची व त्याने नेमलेल्या तज्ज्ञांचीच राहील. तुमच्या करारात एकच कलम घालता येणार असेल, तर हे घाला.

विकसकाचीही एक मागणी रास्त होती. सोसायट्या नकाशावर महिनोन्‌महिने बसून राहतात आणि भाडं मात्र त्याचं चालू असतं. म्हणून नकाशा मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत आम्ही लेखी उत्तर द्यायचं, नाहीतर हरकत नाही असं धरायचं, हे मान्य केलं. त्यासाठी सोसायटीचा एक वेगळा ईमेल पत्ता उघडला आणि तो तिघांच्या फोनवर ठेवला. मी गावाला गेले होते म्हणून दहा दिवस उलटले, असं होऊ नये.

तिसरा मुद्दा तज्ज्ञांच्या नेमणुकीचा. आर्किटेक्ट आणि आरसीसी डिझायनर विकसकाचे असतात, त्याच्याकडून पैसे घेतात, हे चूक नाही. पण त्यांची नावं, नोंदणी क्रमांक आणि स्वीकृतीपत्रं करारात परिशिष्ट म्हणून जोडून घेतली. मधेच कोणाला बदललं तर पंधरा दिवसांत कळवायचं, आणि नवा येणारा माणूस आधी झालेल्या कामाचीही जबाबदारी लेखी घेईल, असं लिहिलं. आमच्या सल्लागाराची फी विकसक थेट त्यांना देणार होता. ती रक्कम आधी सोसायटीच्या खात्यात आणि तिथून टप्प्याटप्प्याने सल्लागाराला, असं करून घेतलं. पैसे कोण देतं यावर माणूस कोणाचं ऐकतो हे अवलंबून असतं. शिवाय आरसीसी डिझाइन दुसऱ्या, स्वतंत्र डिझायनरकडून तपासून घ्यायचं ठरवलं. त्याचे दीड लाख रुपये सोसायटीने स्वतः भरले.

रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा, आम्हाला आपोआप लागू होतो असा एक गैरसमज आमच्यातही होता. रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये खरेदीदाराला दोन मोठी संरक्षणं आहेत : त्याच्या फ्लॅटच्या मंजूर नकाशात त्याच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीतला किंवा कामातला दोष दाखवला तर तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करावा लागतो. वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही जुने सभासद आहात, विकत घेणारे नाही. कायदा तुम्हाला लागू होतो की नाही यावर कोर्टात भांडण्यापेक्षा तीच वाक्यं करारात आणा." आणली. पाच वर्षं, तीस दिवस, लेखी संमती, सगळं.

या सगळ्या कागदांमध्ये मला अजून आठवते ती एप्रिल २०२२ मधली एक संध्याकाळ. नकाशावर हॉल १० बाय १६ असं लिहिलेलं असतं, पण त्यातून निम्म्या सभासदांना काही बोध होत नव्हता. काकांनी फक्कीची पिशवी आणली. लाइनआउट करताना, म्हणजे इमारतीची आखणी जमिनीवर काढताना, वापरतात तीच पांढरी फक्की. गच्चीवर दोरी लावून, टेप धरून त्यांनी एका फ्लॅटचा नकाशा खऱ्या मापात आखला. भिंती दुहेरी रेघांनी, दारांच्या जागा मोकळ्या. मग आम्ही एकेक करून त्या घरात 'राहून' पाहिलं. एकीने वर्तमानपत्रं पसरून पलंग मांडला, तर बेडरूमचं दार पलंगाला लागत होतं. आजींना लिफ्ट नसलेल्या जिन्यावरून दोघांनी उचलून वर आणलं. त्या वॉकर घेऊन फक्कीच्या बाथरूमपाशी गेल्या आणि थांबल्या. दार सव्वादोन फुटांचं होतं. वॉकर आत जाईना. "अगं, मी आत जाऊ तरी कशी?" एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी निघालेले अकरा बदल आम्ही लिहून काढले. बाथरूमचं दार पावणेतीन फूट, बेडरूमचं दार दुसऱ्या बाजूला, ओट्याशेजारी फ्रीजची जागा, असे साधेच. ते सगळे दाखवलेला, मापं टाकलेला नकाशा करारात परिशिष्ट झाला, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या. फक्कीचा खर्च दोनशे रुपयेही आला नसेल. करार होण्याआधीच हे करा. नंतर प्रत्येक बदल 'एक्स्ट्रा' होतो.

करार ९ जून २०२२ ला नोंदवायचा ठरला. आदल्या रात्री मी शेवटचं म्हणून कुलमुखत्यारपत्राचा मसुदा वाचायला घेतला. करारातून काढलेलं ते अठराव्या पानावरचं वाक्य मुखत्यारपत्रात जसंच्या तसं होतं. रात्री अकराला वकीलबाईंना फोन केला. बहुधा कोणीतरी जुनीच फाइल वापरली असावी, त्यात लबाडी होती असं मला आजही वाटत नाही. पण सही झाली असती तर सात महिने पाण्यात गेले असते, कारण विकसक नकाशावर सह्या करतो त्या मुखत्यारपत्राच्याच जोरावर. करार आणि मुखत्यारपत्र शेजारी ठेवून, ओळीला ओळ लावून वाचा.

डिसेंबर २०२२ मध्ये नकाशे मंजूर झाले, जानेवारीत घरं रिकामी केली. सत्तावीस वर्षांचा संसार टेम्पोत भरताना काय वाटलं ते लिहीत नाही. इमारत पाडली त्या दिवशी मी मुद्दाम गेले नाही.

काम सुरू झाल्यावर त्या कलमांची परीक्षा झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये, तिसऱ्या स्लॅबच्या आधी, सल्लागाराच्या माणसाच्या लक्षात आलं की पार्किंगमध्ये गाडी वळायला जागा मिळावी म्हणून आरसीसी नकाशात कॉलमची एक ओळ सरकवली आहे, आणि आर्किटेक्टच्या नकाशात ती जुन्याच जागी आहे. त्यामुळे एका बाजूच्या सहा फ्लॅटमध्ये कॉलम ओट्याच्या मधोमध नऊ इंच पुढे येत होता. त्यात आजींचाही फ्लॅट होता. साइटवरचे इंजिनिअर म्हणाले, नकाशे सोसायटीने पाहिलेले आहेत. खरंच पाहिलेले होते. माझीच पोच होती त्यावर. माझ्या पोटात गोळा आला. काकांनी शांतपणे करार उघडला आणि परस्पर मेळाचं कलम दाखवलं.

भांडण झालं नाही. तीन बैठका झाल्या, बावीस दिवस गेले. कॉलम परत सरकवणं शक्य नव्हतं, खालचे दोन स्लॅब झालेले. शेवटी आर्किटेक्टनी स्वयंपाकघर फिरवलं, ओटा शेजारच्या भिंतीला घेतला, ड्राय बाल्कनीचं दार हलवलं. प्लंबिंगची ड्रॉइंग्ज बदलली. सहाही सभासदांना घरी जाऊन दाखवलं आणि लेखी संमती घेतली. त्या बदलाचा आणि उशिराचा सगळा खर्च विकसकाने सोसला. ते कलम नसतं तर सहा घरांत ओट्यामधला खांब कायमचा राहिला असता.

नुसती नकाशाची तपासणी पुरत नाही, हेही दिसलं. तेव्हाच्या वर्गवारीप्रमाणे पुणे भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येत होतं, त्यामुळे कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत आणि पुढे निदान ६५ मिलिमीटर लांबी हवी, असं आयएस १३९२० हे भारतीय मानक सांगतं. नकाशात तसंच होतं. पण एका स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी काका बॅटरी घेऊन वर गेले आणि एकेक रिंग बघत बसले. चार कॉलममध्ये टोकं ९० अंशांतच दुमडलेली. फिटरने कुरकुर न करता रात्रीत रिंगा बदलल्या, काका तिथेच स्टुलावर बसून होते. कागदावर डिझायनरची जबाबदारी लिहिलेली असली तरी काँक्रीट पडायच्या आधी सळया कोणी, किती वाजता बघायच्या, हेही करारात हवं. आमच्यात होतं : स्लॅबच्या किमान २४ तास आधी आरसीसी डिझायनरच्या प्रतिनिधीची लेखी तपासणी, त्याशिवाय काँक्रीट नाही. तरी काकांनी पाहिलं म्हणून सापडलं.

आमचीही एक चूक झाली. प्लंबिंगच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, दुरुस्तीसाठी माणूस कसा उतरणार, हे आम्ही करारात किंवा नकाशात कुठेच लिहिलं नाही. विकसकाचं म्हणणं बरोबर होतं की मंजूर नकाशात आणि करारात ते नाही. शेवटी लोखंडी शिड्या आणि जाळ्या सोसायटीने बसवल्या, १,९८,००० रुपये, म्हणजे प्रत्येकी अकरा हजार. तुमच्या नकाशावर बोट ठेवून विचारा : हा पाइप फुटला तर माणूस कुठून जाणार? पाण्याची टाकी कुठून धुणार? रोहित्र कुठे बसणार आणि ती जागा कोणाची? इमारत उभी राहिल्यावर या प्रश्नांना जागा उरत नाही.

कागदांबद्दल आणखी एक. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुनर्विकासात जुन्या सभासदांबरोबर होणाऱ्या पर्यायी जागेच्या करारांवरच्या मुद्रांक शुल्काबाबत सभासदांच्या बाजूने निकाल दिला. आमचे वैयक्तिक करार त्यानंतर झाले. जादा विकत घेतलेल्या क्षेत्राचा हिशेब मात्र वेगळा असतो, तो आपल्या वकिलांकडून समजून घ्या. आणि प्रत्येक वैयक्तिक करारालाही आपल्या फ्लॅटचा मापांसह नकाशा जोडून घ्या, नुसता चौरस फुटांचा आकडा नको.

ऑगस्ट २०२५ मध्ये भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, आलं. ताबा घेण्याआधी प्रत्येक बाथरूम आणि गच्ची ४८ तास पाण्याने भरून ठेवली. तीन बाथरूममध्ये खालच्या छताला ओल दिसली; ती फोडून पुन्हा वॉटरप्रूफिंग केलं, पुन्हा ४८ तास. त्यात पाच आठवडे गेले. भाडं विकसक देत होता तरी काहींचा धीर सुटत चालला होता. 'किल्ल्या घ्या, मग बघू' असं म्हणणारेही बरेच होते. मी त्या वेळी खूप एकटी पडले होते, हे खरं आहे.

ताब्याच्या दिवशी आम्ही किल्ल्यांच्या आधी फाइली मोजून घेतल्या. प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे काढलेले सगळे नकाशे, आरसीसी डिझाइनची आकडेमोड, माती परीक्षण, काँक्रीटच्या ठोकळ्यांचे सात आणि अठ्ठावीस दिवसांचे निकाल, डिझायनरचा स्थैर्य दाखला, लिफ्ट आणि वॉटरप्रूफिंगच्या हमीपत्रांच्या मूळ प्रती. एकूण सव्वीस फाइली आणि दोन पेनड्राइव्ह. एक संच सोसायटीच्या कपाटात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे : 'दोषदायित्व समाप्ती १ ऑक्टोबर २०३०. दर मे महिन्यात गच्ची भरून बघणे.'

आजी तिसऱ्या मजल्यावर आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी वॉकर घेऊन बाथरूमच्या दारातून दोनदा ये-जा केली, मग हॉलमध्ये येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जमतंय गं."